पहिले दोन शब्द

विंगरावांना आयुष्यभर कोणी पाहिलं नाही, आणि याचा त्यांना भलताच अभिमान होता.

धंदा प्रॉम्प्टरचा. नाटक चालू असताना रंगमंचाच्या कडेला, विंगेच्या काळ्या कापडाआड उभं राहायचं आणि एखादा नट वाक्य विसरला की त्याला ते हळूच द्यायचं, एवढंच काम. पण विंगराव ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, लेखक आणि दिग्दर्शक ही मंडळी नुसती चहा प्यायला आली होती आणि मोठमोठे नट म्हणजे विंगरावांच्या कुजबुजीला लावलेले भोंगे. नावही त्यांना तिथेच चिकटलं. खरं नाव लाइटच्या बिलावर होतं, ते तिथेच राहिलं.

त्यांचे दोन नियम होते आणि ते ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नसे. पहिला नियम, नटाला पूर्ण वाक्य द्यायचं नाही. फक्त पहिले दोन शब्द द्यायचे, पुढचं त्याचं त्याला आठवतं. दुसरा नियम जास्त अवघड. नट गप्प झाला की तो ब्लँक झालाय की पॉज घेतोय, हे ओळखायचं. ब्लँक झालेल्याला शब्द दिला नाही तर नाटक बोंबलतं, आणि पॉज घेणाऱ्याला दिला तर तो नट मध्यंतरात येऊन गचांडी धरतो. हा फरक आपण नटाच्या नुसत्या मानेवरून ओळखतो, असं विंगराव छाती फुगवून सांगत. त्यांच्या बायकोने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ते छाती फुगवायला लागले की ती आपली कात्री शोधायला उठायची.

बायको त्याच नाट्यगृहात कपडेपट सांभाळायची. राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची मापं तिला तोंडपाठ, आणि त्यांची लफडीही. हात शिलाई मशीनवर आणि तोंड गावभर. निवृत्त झाल्यावर मशीन घरी आलं, खिडकीपाशी बसलं आणि टकळी तशीच चालू राहिली. रोज दुपारी जेवणं उरकली की तिच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन यायचा. मग दोघी बहिणी मिळून अख्ख्या खानदानाला धुऊन, पिळून वाळत घालायच्या. विंगराव पलंगावर पडल्या पडल्या ऐकायचे आणि झोपमोडीबद्दल कुरकुर करायचे. त्यांना झोप मात्र त्याच आवाजात लागायची, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

मग साथ आली. दारं बंद झाली, खालचं चष्म्याचं दुकान बंद झालं, नाट्यगृहाला कुलूप लागलं. म्हाताऱ्यांची काळजी करायची टूम निघाली. टीव्हीवर वरच्या अर्ध्या भागात किती माणसं गेली त्याचा आकडा आणि खालच्या पट्टीवर, ज्येष्ठांनी मन प्रसन्न ठेवावे. बाहेर जाऊ नका, कोणाला भेटू नका, कशाला हात लावू नका, आणि हे सगळं न करता आनंदात राहा. तो आनंद नक्की कुठून आणायचा, घरपोच मिळतो का, हे सांगायला पट्टीवर जागा उरत नसावी.

त्यात ताई गेली. दवाखान्यात कोणाला सोडत नव्हते, म्हणून भाच्याने व्हिडिओ कॉल लावून दिला. मोबाइलच्या पडद्यावर आधी छत दिसलं, मग कोणाचं तरी कोपर, मग प्लास्टिकच्या झग्यातली दोन माणसं काहीतरी उचलताना. आणि मग ते गोल चाक फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं. बायको पुष्कळ वेळ त्या चाकाकडे बघत बसली. शेवटी तिने मोबाइलची काच रुमालाने पुसली, मोबाइल जागेवर ठेवला आणि मशीनवर कापड घातलं.

त्या दिवसापासून तिची टकळी थांबली. म्हणजे दातखीळ बसली असं नाही. चहा ठेवते, दार लावा, औषध घ्या, एवढं यायचं. पण बोलणं असं नाही. केस विंचरायची ते सोडून दिलं. दुपारी जेवणं झाली की मोबाइल मांडीवर घेऊन खिडकीत बसायची, आणि तो वाजला नाही की उठून भांडी घासायची. विंगरावांनी तिला विनोद सांगून पाहिले, मुद्दाम चहात मीठ घालून पाहिलं. तिने तो चहा निमूट पिऊन टाकला.

कोणीही शहाणा माणूस तिच्याजवळ बसला असता. विंगराव प्रॉम्प्टर होते. समोरचं माणूस गप्प झालं म्हणजे ते वाक्य विसरलं, आणि विसरलं म्हणजे आपल्याला काम लागलं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी निदान पक्कं केलं: ही ब्लँक झाली.

इकडे मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. तो दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत माणसं सांभाळायच्या खात्यात होता. म्हणजे माणसांना कामावरून काढताना त्यांना वाईट वाटू नये याची काळजी घेणारं खातं. त्यामुळे काळजी कशी घ्यावी याचं त्याला रीतसर शिक्षण होतं. ‘आई, या आठवड्यात तुला कोणत्या छोट्या गोष्टीतून आनंद मिळाला?’ असं तो विचारायचा. आता पोटचा पोरगा आईशी असं बोलतो का? पण बोलायचा. आई म्हणायची, ‘बरं आहे.’ मग तो कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी बघायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

एका रविवारी त्याने निरोप घेतला, पण कॉल बंद करायचा राहिला. समोर त्याच्या घरातलं छत दिसत होतं आणि तो बहिणीशी दुसऱ्या फोनवर बोलत होता. आवाज स्वच्छ येत होता. आईचं काही खरं नाही, तो म्हणत होता. कंपनीच्या समुपदेशक बाई आहेत, पुढच्या महिन्यात त्यांच्यापुढे आईला बसवतो. त्या जर म्हणाल्या की हिला एकटं ठेवणं बरं नाही, तर प्रवास सुरू झाला की आईला मी आणतो, बाबांना तू ने. दोघांना एकत्र ठेवायला खोली कोणाकडे आहे? बहीण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मुलगा हसून म्हणाला, नाही गं, बाबांचा रेडिओ तिथेच ठेवायला सांगू.

‘एकटं’ म्हणजे विंगरावांबरोबर, बरं का. नवरा मुलांच्या हिशेबात माणसांत नव्हता, पंख्यात आणि फडताळात होता. नाटकाचे प्रयोग संपले की सेट मोडायचे, ते विंगरावांनी जन्मभर पाहिलं होतं. टेबल एका गोदामात जायचं, खुर्ची दुसऱ्या. पुन्हा ती दोन्ही एका खोलीत आलेली त्यांना आठवेना. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. हिने ऐकलेलं दिसत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि मोबाइल बंद केला.

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला समोर बसवलं. पुढच्या रविवारपासून तू फक्त बोलायचं, शब्द मी देईन, त्यांनी सांगितलं. तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘बरं.’ दुसरा कोणी असता तर त्या ‘बरं’ने सावध झाला असता. विंगरावांना वाटलं, तालीम सुरू झाली.

विंग म्हणून जेवणाचं टेबल निवडलं. त्यावर बायकोनेच शिवलेलं जमिनीपर्यंत लोळणारं कापड होतं. साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल ठेवायचा, ती खुर्चीत बसायची आणि विंगराव तिच्या पायांपाशी, टेबलाखाली, उशीवर गुडघे टेकून. या वयात टेबलाखाली जायला तसा फार वेळ लागत नाही. बाहेर यायला लागतो.

पहिल्या रविवारी त्यांना मोह आवरला नाही. मुलाने कशी आहेस विचारलं आणि खालून वाक्य गेलं, ‘बाळा, तुझा आवाज कानी पडला आणि जीव सुपाएवढा झाला.’ बायकोने ते जसंच्या तसं म्हटलं, पण आवाज असा की जणू उद्या पाणी येणार नाही हे सांगतेय. मुलगा घाबरला. आई, ताप वगैरे नाही ना, असं त्याने विचारलं. विंगरावांनी धडा घेतला आणि भाषा खाली आणली. झोप छान लागते. भूक लागते. वाचन करते. झाडांना पाणी घालते.

हे झाडांचं जरा अंगाशी आलं. घरात झाड नव्हतं. पुढच्या रविवारी मुलाला झाडं बघायची होती. विंगराव जिन्यातली, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची कुंडी उचलून घेऊन आले आणि बायकोच्या मागे ठेवली. ती प्लास्टिकची आहे हे त्यांना पाणी घातल्यावर कळलं. पण पलीकडून सुनेचा आवाज आला, अगंबाई, किती टवटवीत! तिला आजवर कोणी एवढी टवटवीत कुंडी दाखवली नसावी.

तर ही सून. ती पडद्यावर कधी यायची नाही. पण मुलाने प्रश्न विचारायच्या आधी क्षणभर तोच प्रश्न कुठूनतरी बारीक आवाजात यायचा. विंगरावांचे कान त्या कामात मुरलेले. दुसऱ्याच रविवारी त्यांनी ओळखलं की पलीकडेही विंग आहे. सून कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून नवऱ्याला प्रश्न पुरवत होती. झोपेचं विचार. जेवणाचं विचार. आता आवाजात काळजी आण. विंगरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. पूर्ण वाक्यं देते! आणि आवाज हा एवढा, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल! कॉल संपल्यावर ते बराच वेळ बायकोला समजावत बसले की या बाईला कामावर ठेवलं कोणी.

आणि एकदा तर गंमतच झाली. मुलगा बोलता बोलता पडद्यावर थिजला. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. आवाज मात्र चालू होता. त्याला वाटलं, कॉल तुटला, म्हणून तो गप्प बसला. बायको तर गप्पच होती. पण दोन्ही विंगांना कोण थांबवणार? ‘विचार, एकटं वाटतं का,’ सून म्हणाली. ‘म्हण, छे, वेळ कसा जातो कळत नाही,’ टेबलाखालून विंगराव म्हणाले. ‘विचार, मावशींची आठवण येते का.’ ‘म्हण, येते, पण आता सावरले.’ असा संवाद छान रंगला. मायलेक दोन्हीकडे मुकाट बसून होते आणि त्यांचं बोलणं त्यांच्यावाचून चाललं होतं. शेवटी सून म्हणाली, ‘आई किती छान बोलतात हल्ली,’ आणि विंगरावांनी टेबलाखाली मान तुकवून ती दाद घेतली. आईंचा आवाज एकदम घोगरा कसा झाला आणि त्या ‘म्हण’ कोणाला म्हणतायत, हे तिच्या मनातही आलं नाही.

बायकोचे पाय त्यांच्या नाकासमोर होते. सपाता जुळवून ठेवलेल्या. पण विंगरावांचं लक्ष पलीकडच्या विंगेत होतं.

मग तो समुपदेशक बाईंचा रविवार उजाडला. विंगरावांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. बायकोचे केस स्वतः विंचरले, ते एका बाजूला उभे राहिले. चार वाक्यं घोकवून घेतली. मी आनंदात आहे. मी मन रमवते. मला इथेच बरं वाटतं. आम्ही दोघं एकमेकांना आहोत. यातलं शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा ते खोकले आणि म्हणाले की हे जरा भावनेने म्हण. ती म्हणाली, ‘बरं.’

पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीत मुलगा. दुसरीत समुपदेशक बाई, मागे डोंगर आणि तळं. ते चित्रातलं तळं होतं, त्यामुळे बाई जरा हलल्या की त्यांचा कान पाण्यात बुडायचा. त्या लहान मुलाशी बोलावं तशा लाडीक हेल काढून बोलत होत्या. आजीऽ, आज आपण मस्त गप्पा मारणार आहोत, हो की नाही? आणि कापडाच्या फटीतून पाहणाऱ्या विंगरावांना तिथल्या तिथे कळलं की याही बाई वाचतायत. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सगळ्या जगाला कोणी ना कोणी शब्द पुरवत होतं, तर त्यांच्या बायकोनेच काय घोडं मारलं होतं?

सुरुवात झकास झाली. झोप झाली, भूक झाली. मुलाचा चेहरा सैल झाला. मी आनंदात आहे, बायको म्हणाली. मी मन रमवते, बायको म्हणाली. बाईंनी शाब्बास म्हटलं. विंगरावांनी गुडघा बदलला आणि मनातल्या मनात दोघांचं सामान पुन्हा एका खोलीत मांडलं.

मग बाईंनी विचारलं, ‘आजीऽ, सध्या सगळ्यात जास्त आठवण कोणाची येते?’

हा प्रश्न तालमीत नव्हता. पण प्रॉम्प्टर कशासाठी असतो? ‘नातवंडांची,’ विंगराव म्हणाले.

वर शांतता.

‘नातवंडांची फार...’ नियमाप्रमाणे त्यांनी दोन शब्द दिले.

काही नाही. पलीकडून सुनेची कुजबुज आली, ‘विचार, ऐकू येतंय का.’ मुलाने विचारलं, आई, ऐकू येतंय का. बाईंनी कान पाण्यातून बाहेर काढला. विंगरावांनी बायकोची सपात ओढली. ‘नातवंडांची फार आठवण येते, पण मी आनंदात आहे,’ त्यांनी अख्खं वाक्य दिलं, नियम गेला खड्ड्यात, आणि इतक्या मोठ्याने दिलं की साखरेचा डबा हलला.

‘मला ऐकू आलंय,’ बायको म्हणाली.

तिचा स्वतःचा आवाज. कितीतरी दिवसांनी आलेला, गंजलेला. विंगरावांचा हात सपातेवरच राहिला.

‘आणि मी विसरलेही नाही,’ ती टेबलाखाली न बघता म्हणाली. ‘मी थांबले होते. तुम्हाला कळायला हवं होतं.’

मुलगा गोंधळला. कोणाशी बोलतेस, त्याने विचारलं.

‘तुझ्या बाबांशी. ते टेबलाखाली आहेत. गेला महिनाभर दर रविवारी असतात.’ तिने मोबाइल उचलला, कापड वर केलं आणि कॅमेरा खाली धरला. जन्मभर ज्याला कोणी पाहिलं नाही तो माणूस, उशीवर गुडघे टेकून, चष्मा कपाळावर, असा पोराला आणि एका तळ्यातल्या बाईला दिसला. पलीकडे सून फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

बायकोने मोबाइल पुन्हा डब्याला टेकवला. मग ती बोलली, आणि मधे कोणाची हिंमत झाली नाही. ताईची आठवण येते, ती म्हणाली. तुम्ही सगळे विचारता, झोपेचं विचारता, भुकेचं विचारता. ताईचं एकाने विचारलं नाही. विचारलं ते एकदाच, तुझ्या बायकोने, तेही नेटवर्क गेल्यावर, आणि त्याचं उत्तर यांनी देऊन टाकलं. ती रोज दुपारी बोलायची, आता बोलत नाही, तर मी कोणाशी बोलू? मी तिला एका फिरणाऱ्या चाकात पोचवलं. माझं डोकं फिरलेलं नाही आणि मी आनंदातही नाही. वाटणीचंही मी ऐकलंय त्या दिवशी, कप विसळताना. मला कुठे न्यायचं ते ठरवायच्या आधी मला रडू तर द्या.

बाईंचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले, परत आले. तिथे काही लिहिलेलं नसावं. हे बघितल्यावर विंगरावांना त्यांची पहिल्यांदा थोडी दया आली. मग बाईंनी हेल सोडून दिला आणि साध्या माणसासारखं विचारलं, ‘आणि काका, तुम्ही कसे आहात?’

विंगराव एव्हाना टेबलाच्या कडेला धरून कसेबसे उभे राहिले होते. समोर कॅमेरा. मागे प्लास्टिकची कुंडी. साथ आल्यापासून हा प्रश्न त्यांना एकाही माणसाने विचारला नव्हता, कारण ते कधी चौकटीत नव्हतेच. त्यांनी तोंड उघडलं. दुसऱ्यांची हजारो वाक्यं पाठ असलेल्या माणसाला आपलं असं एक वाक्य सापडेना. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. विंग रिकामी. ब्लँक. विंगराव, ब्लँक.

बायको त्यांच्या मानेकडे बघत होती.

‘मला भीती,’ ती हळूच म्हणाली. पहिले दोन शब्द. आवाज नेमका, फक्त त्यांच्यापुरता.

‘मला भीती वाटते,’ विंगराव म्हणाले. पुढचं त्यांचं त्यांना आठवलं. ‘हिला नेतील म्हणून भीती वाटते. ही बोलत नाही म्हणून वाटते. रात्री हिचा श्वास ऐकू येतो की नाही ते बघत पडतो. मी सगळ्यांना सांगतो की मला काही होत नाही. मला खूप होतं.’ आणि हा माणूस, ज्याने विंगेत उभं राहून शेकडो नटांचं रडणं वेळेवर आहे की नाही ते तपासलं होतं, भलत्याच वेळी, नाकातोंडातून, अजिबात शोभणार नाही असं रडला.

पलीकडून सूनबाई सुरू झाल्या, ‘म्हण, बाबा, आम्ही आहोत ना, असं म्हण.’ मुलगा काही म्हणाला नाही. तो नुसता बघत राहिला. आणि नेमकी तेव्हाच कंपनीने मोफत दिलेली वेळ संपली. पडद्यावर एक हसरा चेहरा आला, आपला आजचा अनुभव कसा वाटला ते कळवा, आणि खाली पाच चांदण्या.

दोघं त्या चांदण्यांकडे बघत बसले. चांदण्या विझल्या. आता झालं गेलं, विंगराव म्हणाले, माझ्यामुळेच सगळं मुसळ केरात. बायकोने त्यांना नाक पुसायला मशीनवरचं कापड ओढून दिलं.

मोबाइल वाजला. व्हिडिओ नव्हता, साधाच कॉल. मुलाचा. बायकोने घेतला आणि आवाज मोठा केला.

‘आई,’ मुलगा म्हणाला, आणि गप्प झाला.

विंगरावांचे ओठ सवयीने हलले. शब्द जिभेवर होता, दोनच शब्द, पोराला बिचाऱ्याला तेवढीच मदत. बायकोने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हाताला त्या कापडाचा, मशीनच्या तेलाचा वास होता. बराच वेळ गेला. पलीकडे कुजबुज नव्हती. मुलगा कुठेतरी जिन्यात येऊन उभा असावा, त्याच्या श्वासाचा आवाज घुमत होता.

‘आई, मावशी मला चोरून पैसे द्यायची, तुला माहीत होतं?’ त्याचा आवाज धड नव्हता. ‘मी तिचं काही बोललोच नाही तुझ्याशी. बोललो असतो तर तू रडली असतीस, आणि मला... तुम्ही तिथेच राहा. दोघं. मी दीदीशी बोलतो. प्रवास सुरू झाला की मीच येतो, तुम्हाला न्यायला नाही. नुसताच.’

‘माहीत होतं,’ बायको म्हणाली. ‘ती मला सांगायची. ये.’

तिने मोबाइल ठेवला आणि विंगरावांकडे वळली. मग जे सुरू झालं ते विचारू नका. माझी चांगली उशी टेबलाखाली घालून तिचा पार चोथा केलात. लोकांची कुंडी चोरलीत, तीही प्लास्टिकची, वर तिला पाणी घातलंत. चहात मीठ घातलंत, मला काय कळलं नाही वाटलं? आणि जीव सुपाएवढा झाला म्हणे, हे असं कोण बोलतं? मी कधी बोललेय? आयुष्यभर दुसऱ्यांच्या माना बघितल्या, बायकोची मान बघायला डोळे फुटले होते? विंगराव खुर्चीत बसून ऐकत होते आणि त्यांना पेंग यायला लागली होती, कारण ती दुपारची वेळ होती आणि आवाज तोच होता.

हे सगळं ऐकलं असतं ना, बायको म्हणाली, तर हसून हसून मेली असती आमची...

आणि ती थांबली.

विंगरावांची पेंग उडाली. ते नाव त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी तिच्या मानेकडे पाहिलं, या खेपेला नीट पाहिलं, आणि ते नाव गिळून टाकलं. ते आपले बसून राहिले. खालच्या रस्त्यावरून कोणीतरी एकटंच सायकल घेऊन गेलं.

‘ताई,’ बायको म्हणाली, आणि मग ती रडली.